शिवणीची जास्वंद

एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
सरकलेली शाई, खाल्लेली कड,
आकड्याचं पोट जरासं फुगलेलं,
नजरेला लगेच टोचायचं.
तो कागद मी डावीकडे टाकायचे.
डावीकडे म्हणजे बाद.

निवृत्तीनंतर हात मोकळे झाले,
नजर मात्र कामावरच राहिली.
पोळ्यांच्या कडा तपासायला लागले.
सुनेने हात जोडले.

म्हणून मंगळवारी आणि शनिवारी
नाशिकरोडहून शालिमारची शेअर रिक्षा,
मग दूध बाजारामागचा बोळ,
बोळात यासीनमामूंचं दुकान:
खुर्च्यांचे पाय, देव्हाऱ्यांचे कळस,
आणि कपाटाचं एक दार,
ज्याचं गिऱ्हाईक वारलं.

"गुलाब शिकायचाय," म्हटलं.
"गुलाब तिसऱ्या वर्षी," मामू म्हणाले.
"आधी पटाशी धरा. पेनासारखी नको,
लाटण्यासारखी तर नकोच.
कान तुटलेला चहाचा कप
धरतात ना, तशी."

दोन महिने नुसती पानं.
पहिलं चमच्यासारखं झालं.
दुसरंही चमच्यासारखंच, वर भोक पडलेलं.
लाकडाला उभं-आडवं असतं
हे लाकडानेच शिकवलं.
रेषेच्या उलट गेलं की अख्खी चिपाटी उठते,
मग फेव्हिकॉल लावायचा
आणि तो सुकेपर्यंत
शहाण्यासारखं गप्प बसायचं.
डाव्या अंगठ्यावर तीन पट्ट्या.
"या गावाचं जुनं नाव गुलशनाबाद,
आणि बाई, तुमच्याने एक पान होईना!"
असं म्हणत मामूंनी कानावरची पेन्सिल काढली,
माझ्या चमच्यावर एक शीर ओढली.
चमच्याचं पान झालं.

चैत्रातल्या एका शनिवारी
कुंडीतली जास्वंद डब्यात घालून नेली.
लाल, एकेरी.
मामूंनी शिवणीचा ठोकळा दिला,
मऊ, ताकाच्या रंगाचा.

नऊला पहिली पाकळी धरली.
फूल समोर पेल्यात, ताठ,
काठाला परकराची झालर.
दुसरीला अकरा वाजले, चहा आला,
तोवर फूल मागे रेललं होतं
जेवून उठलेल्या पाहुण्यासारखं.
जे दिसलं ते कोरलं.
दिसतं ते सोडून दुसरं बघायची
मला सवय नाही.
तिसरी दुपारच्या अजानीनंतरही चालूच.
चौथीच्या वेळी ऊन शटरवर चढलं
आणि फुलाच्या कडा आत वळायला लागल्या.
थांब ना गं जरा, मी मनात म्हटलं.
ती कशाला थांबते?
माझा वेग ताशी अर्धी पाकळी,
तिचा तिला ठाऊक.
पाचवीला हात घातला तेव्हा पेल्यात
पिळून ठेवलेला हातरुमाल होता.
मी पिळलेला हातरुमाल कोरला.

मधला केसराचा दांडा दोनदा तुटला.
तिसरा मामूंनी करून दिला, ते लपवत नाही.

दिवा लावून बघितलं.
पाच पाकळ्या, एकीसारखी दुसरी नाही.
एक ताठ, एक रेललेली,
एक तर मिटलेलीच.
हात आपोआप गेला,
फूल टेबलावर डावीकडे ठेवलं.

मामूंनी ते उचललं. चष्मा कपाळावर सारून
सावकाश फिरवलं.
पहिल्या पाकळीवर बोट: "ही चहाच्या आधीची."
मग पुढची, मग त्याच्या पुढची,
बोट चालत राहिलं, तोंड बंद.
पाचवीवर थांबलं. "मगरीब."
फूल परत माझ्या हातात दिलं,
माझ्या उजव्या हातात.
"देठ अजून घासायचाय," म्हणाले,
आणि भुसा झाडायला उठले.

डब्याचं झाकण लागेना.
रिक्षात मांडीवर घेऊन बसले.
द्वारक्याच्या सिग्नलला शेजारची बाई
न विचारता वाकली, वास घेतला,
आणि गोंधळून माझ्याकडे बघत राहिली.
"शिवण आहे," मी म्हटलं.
तिने पुन्हा एकदा वास घेतला.